घळीच्या पलीकडे

गाडीतून उतरले की काका आधी रस्त्याकडेच्या बर्फात टाच रोवायचे. टाच टेकून राहिली तर निघायचं, रुतली तर मला विचारायचे, "काल रात्री आभाळ होतं का रे?" आभाळ असलं की रात्री बर्फ गोठत नाही, आणि वसंतातल्या न गोठलेल्या बर्फावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

काका नागपूरचे. एप्रिलमध्ये जिथलं डांबर पाघळतं तिथला हा माणूस कोलोरॅडोच्या डोंगरात बर्फ मोजायचा. ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागलो; नातं नव्हतं, वयामुळे काका म्हणायचो. अ‍ॅल्युमिनियमची लांब नळी बर्फात खुपसायची, भरलेल्या नळीचं वजन करायचं; त्यावरून उन्हाळ्यात नद्यांना पाणी किती येणार याचा अंदाज बांधायचा. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर पोस्टातले कारकून समजला असता. मफलर, जाड चष्मा, डब्यात पोळी-भाजी. पण ऊन चढून अकरा वाजले की, बर्फ सैल व्हायच्या आत, हातातलं काम टाकून म्हणायचे, "चला, आपली वेळ संपली." मला ते भित्रे वाटायचे.

एप्रिलातल्या एका सकाळी टाच टेकली. आम्ही एक घळ ओलांडली, पलीकडे मोजणी केली आणि वेळेत परतून झाडांत डबे उघडले. जेवण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वजनकाटा पलीकडच्या खडकावरच राहिला. काका जरा आडोशाला गेले होते. दोन मिनिटांत आणतो, असं मनाशी म्हणत मी निघालो. सकाळी जिथं बूटही उमटला नव्हता तिथं आता मांडीपर्यंत रुतत होतो. कसाबसा खडकावर चढून वळलो, तर घळीच्या दुसऱ्या काठावर, झाडांपाशी, काका उभे.

"परत येऊ नकोस. तिथंच बस."

"काका, आत्ताच तर आलो."

"आलास ते नशीब. बस म्हणतो ना."

घळ जेमतेम शंभर पावलांची. वरच्या उतारावर ऊन तापत होतं, आणि तिथून लिंबाएवढे बर्फाचे गोळे घरंगळत यायला लागले होते.

"ओरडू नका काका, बर्फ येईल."

"आवाजानं येत नाही. पायानं येतो."

मग ते तिथंच बसून माझ्याशी बोलत राहिले. हॉस्टेलची मेस, मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी त्यांची मुलगी, काकूंनी कॅन्सल केलेली ट्रिप. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा ते वाक्य अर्धवट टाकून उठले.

"तू उतरलास तर मीही उतरतो. बघ आता."

मी बसलो.

तीनच्या सुमाराला वरचा उतार फाटला. फार मोठा आवाज नव्हता. ओल्या सिमेंटसारखा बर्फ सावकाश खाली आला, पाइनचे अख्खे बुंधे घेऊन, आणि माझ्या पावलांच्या खुणा होत्या तिथं दोन पुरुष उंचीचा ढीग झाला.

"आता मोकळं झालं ना, काका?"

"डावीकडचा बर्फ अजून वरच आहे. बस." त्यांचा आवाज पार बसला होता.

सूर्य शिखराआड गेला. बर्फ कडक व्हायला आणखी दोन-तीन तास गेले. मग तेच काठीनं ठोकत ठोकत माझ्याकडे आले, माझी बाही धरली आणि मला पलीकडे नेलं. गाडीपाशी त्यांना कुलूप उघडता येईना. किल्ली नुसती दारावर वाजत होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "ड्राइव्ह तू कर," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. गुडघे दुखतात, असं ऑफिसात सांगितलं. मग मुलीकडे जॉर्जियाला गेले.

काही वर्षांनी ते वारल्याचं सांगायला काकूंचा फोन आला. बोलता बोलता मी त्यांना तो दिवस सांगितला.

"त्यांचे गुडघे चांगले होते रे," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले होते, कुणाच्या मुलाला घेऊन डोंगरात जायची आता हिंमत होत नाही. कुणाच्या, ते मी विचारलं नाही."