शेवटच्या घराची शिट्टी

आमच्या गल्लीत पाणी येत नाही, नळ येतो. आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा. "आज नळ आहे" म्हटलं की दारातल्या पाहुण्याला कुणी बसा म्हणत नाही आणि पाहुणाही ते मनावर घेत नाही.

नववीत मी शाळेच्या इको क्लबची पाणी-प्रमुख होते. भांडखोर पोरीला शोभेल असंच पद. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, पोस्टरं पुरे झाली, आता आपापल्या गल्लीत एक तरी काम करून दाखवा. आमच्या गल्लीत काम शोधावं लागलं नाही. घरोघर नळाला थेट मोटार. प्रत्येक जण ओढून घ्यायचा आणि टोकाच्या घरी नळ नुसता फुसफुसायचा. त्या घरात माझी बाकावरची मैत्रीण राहायची. नळाच्या दिवशी शाळा बुडवून ती आईबरोबर कळशी घेऊन दारोदार फिरायची. आमच्याकडेही यायची. मम्मी कळशी भरून द्यायची आणि तिची पाठ वळली की "बिचारी" म्हणायची.

आमचा बेत साधा होता. नळ आला की अर्धा तास कुणीही मोटार लावायची नाही. टोकाला पाणी पोचलं की मैत्रीण गच्चीवरून खेळाच्या सरांची शिट्टी वाजवणार. मग खुशाल लावा.

गल्लीची बैठक आमच्याच अंगणात झाली. पप्पा पिशोरहून शहरात येऊन नोकरीत स्थिरावलेले, त्यांच्या शब्दाला मान होता. ते उभे राहिले. "लेकरं म्हणतेत त्यात काय चूक हाय? अर्ध्या तासानं कुणाचा हौद कोरडा ऱ्हात नाय. पहिली मोटार माझी बंद." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

रविवारी सकाळी नळ आला. मोटारींची घरघर नसलेली आमची गल्ली मी पहिल्यांदाच ऐकत होते. क्लबची पोरं रस्त्यावर, मैत्रीण गच्चीच्या कठड्याशी, तोंडात शिट्टी. आम्ही खालून विचारायचो, ती मान हलवायची. नाही. परत नाही.

अर्धा तास संपत आला. समोरचे चाचा हसत म्हणाले, "क्या बेटा, शिट्टी सो गई क्या?" कुणीतरी पुटपुटलं, "टोकाला पाणी चढतच नाय. उगं मोटारींवर आळ." हे एकदा ठरलं असतं तर पुन्हा कुणी मोटार बंद ठेवली नसती आणि तिच्या हातातली कळशी कायमची झाली असती. मी चिडले. म्हटलं, प्रत्येक फाटकाशी कान देऊन ऐका, कुणीतरी लबाडी करतंय.

आमच्या फाटकाशी क्लबमधला एक जण थांबला. "तुमची वॉशिंग मशीन लई आवाज करते गं." मी हसले. नळाच्या दिवशी सगळेच कपडे धुवायला काढतात. पाणी प्यायला म्हणून आत गेले.

मम्मी मशीनजवळ उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ड्रायर रिकामाच फिरत होता. हौदाच्या कडेला जुनी गोधडी दुमडून टाकलेली, तिच्याखाली मोटार घुमत होती. शेजारी खुर्चीत पप्पा पेपर वाचत होते.

"पप्पा, सगळ्यांनी बंद ठेवलीय."

"मग भेटंल की तिला पाणी. आपल्या एकट्याच्या मोटारीनं काय होतंय?"

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मी जिन्याखाली गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

मशीन थांबलं. गोधडीही गप्प झाली. "लाईट गेली का काय?" पप्पा सवयीनं ओरडले, चांगलं खणखणीत. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्यानं चालूच होता. फाटकाशी उभ्या पोरांनी दोन्ही ऐकलं. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

थोड्या वेळानं शिट्टी वाजली. लांबलचक, दम संपेपर्यंत. चाचांनी टाळी वाजवली, गल्लीत हसू फुटलं. आमची पोरं मात्र चपलांकडे बघत होती. कुणीतरी मला टोमणा मारला असता तर मी भांडले तरी असते.

संध्याकाळी मैत्रिणीची आई शिऱ्याचा डबा घेऊन आली. मैत्रीण तिच्या मागे. "भाऊ, तुमी शब्द पाळला म्हणून आज घरात पाणी आलं," ती पप्पांना म्हणाली. "आता पोरीची शाळा नाय बुडायची."

"अहो ताई, त्यात काय," पप्पा म्हणाले आणि डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेले. पप्पांची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकी कीवही.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. पोरांनी तिला सगळं सांगितलेलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. जाताना ती दारात माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आईला नाय सांगितलं गं मी. तू पण नको सांगू."

कळशी घेऊन इतक्यांदा ती आमच्या दारात उभी राहिली होती, पण तिची मान कधी खाली नव्हती. त्या दिवशी होती. आमच्यासाठी.