अयूबभाऊंची बसून राहिलेली गाडी

सावली गावात आमच्या घरासमोर अयूबभाऊ राहतात. त्यांच्याकडे येणारा माणूस आधी ट्रकला वळसा घालतो, मग त्याला दार दिसतं. आलापल्लीच्या सागवानाच्या गाड्यांवर ते क्लीनर म्हणून लागले, पुढे ड्रायव्हर झाले आणि चाळिशीत ही जुनी गाडी लिलावातून घेतली. बोलणं कमीच. पण त्यांनी कोणाचा माल वाटेत टाकला असं कधी कोणी म्हटलं नाही, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक आहे.

१९९८ च्या उन्हाळ्यात पोती उतरवताना त्यांचा पाय मोडला. आधी प्लास्टर, मग काठी. सगळा पावसाळा खाटेवर गेला. गाडी तेव्हा शेजारच्या गावी मनसारामच्या अंगणात उभी होती. मनसाराम तिथला ढिवर, मच्छीमार सोसायटीचा सभासद, अयूबभाऊंचा जुना दोस्त. "तू पायाकडे पाह्य भाऊ," तो म्हणाला होता, "तुह्या गाडीले पान्याचा थेंब लागू देनार नाई."

सोसायटी हिवाळ्यात गावच्या मामा तलावातली, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातली, मासोळी काढते आणि ती नागपूरला जाते. तिथला रिवाज असा, की पहिली खेप ज्याच्या गाडीने जाईल, हंगामभर त्याचीच गाडी. बरीच वर्षं ती अयूबभाऊंची होती. त्या वर्षी कुजबुज सुरू झाली. ड्रायव्हर लंगडा, गाडी बसलेली. बर्फ वितळला, माल सडला तर? मनसारामने सगळ्यांसमोर शब्द दिला, माल अयूबभाऊंच्याच गाडीने जाईल.

गाडी घरी आणली आणि तमाशा सुरू झाला. चालू व्हायची, पहिले काही किलोमीटर अगदी शहाण्यासारखी जायची, मग दम लागल्यासारखी ओढेनाशी व्हायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. पुन्हा तेच.

अयूबभाऊंनी डिझेल फिल्टर बदलला. ठीक झाली म्हणता म्हणता गडचिरोली रस्त्यावर बसली. पाइपात हवा शिरली असेल म्हणून नट ढिले करून, हातपंप मारून हवा काढली. बसली. टाकीत पाणी उतरलं असेल म्हणून खालून डिझेल काढून बाटलीत धरून पाहिलं. स्वच्छ. नोझल खोलून साफ करून आणले. दर दुरुस्तीनंतर ते टाकीचं झाकण उघडून काडीने डिझेल मोजायचे, झाकण गच्च बसवून निघायचे, आणि गाडी जराशी आशा दाखवून वाटेतच दगा द्यायची. बॅटरी कमजोर, म्हणून घरी असताना ते इंजिन बंदच करत नसत. आमच्या भांड्यांच्या मांडणीला दिवसभर कापरं भरलेलं असे.

घरात बोलायची सोय उरली नव्हती. त्यांच्या बायकोने, सईदाबाईंनी, चहा पुढे केला की "रख दो", आणि तो तिथेच गार. सईदाबाईंचे भाऊ येऊन सांगून गेले, भंगारात द्या. त्या दिवशी अयूबभाऊ जेवले नाहीत. सईदाबाई मला म्हणाल्या, "ताई, पाय मोडला तेव्हा हा माणूस असा नव्हता."

जाळं टाकायच्या आदल्या दुपारी मनसाराम सायकलने आला. अयूबभाऊ फेरी मारून परतत होते, आणि गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली. आम्ही दोघी ओट्यावर डाळ निवडत होतो. अयूबभाऊ खाली उतरले आणि चाकाला काठी मारत राहिले.

मनसाराम चुळबुळत म्हणाला, "भाऊ, सोसायटीच्या लहानूनं ब्रह्मपुरीची गाडी सांगतली उद्यासाठी. मी लय भांडलो."

अयूबभाऊंनी चाकाला आणखी एक काठी हाणली. मग मनसारामने, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "डिझेल तं हाय ना टाकीत?"

"इतकी वर्षं गाडी चालवून राह्यलो, मले डिझेल नाई समजत? ये, पाह्य," म्हणत त्यांनी रागाने झाकण फिरवलं.

या वेळी इंजिन बंद असल्याने गल्लीत शांतता होती. टाकीने मोठा श्वास घेतला, फुस्स. आम्हाला ओट्यावर ऐकू आला.

अयूबभाऊंनी झाकण उलटं करून पाहिलं, नखाने खरवडलं. टाकीत हवा जायला झाकणाला एक बारीक भोक असतं. त्यावर काळं, कडक डांबर होतं. डिझेल खर्च होत गेलं, हवा आत जाईना, टाकी आतल्या आत आवळत गेली आणि इंजिनापर्यंत डिझेल पोचेना.

"हे कोनं लावलं?"

"मीच लावलो न," मनसाराम जरा अभिमानाने म्हणाला. "पावसाचं पानी जाईन म्हनून. डोंग्याले लावतो तसंच, दोन हात दिलो."

"बढिया केलं. बुडू नाई दिलं तिले. गळा दाबून मारली."

मनसारामला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो खाली बसला.

भोक मोकळं केलं आणि गाडी थेट नदीपर्यंत जाऊन आली, एकदाही न थांबता. पण ब्रह्मपुरीची गाडी ठरलीच होती.

दुसऱ्या दिवशी अयूबभाऊ तरीही तलावावर निघाले. ताजी मासोळी घ्यायला सईदाबाई आणि मी केबिनमध्ये बसलो. त्यांनी रिकामी गाडी पाळीवर, तलावाच्या बांधावर, दुसऱ्या ट्रकशेजारी लावली आणि इंजिन चालू ठेवलं.

पेट्या भरत होत्या. सोसायटीचे सचिव लहानूभाऊ काट्याजवळून म्हणाले, "बंद कर ना बाबा, वजन सांगतलेलं ऐकू नाई येऊन राह्यलं."

"दुसऱ्या खेपेले कोन येनार ते सांग, बंद करतो."

"रिवाज तुले मालूम हाय."

"मंग चालू राहू दे."

तेवढ्यात मनसाराम कमरेपर्यंत ओला पाण्यातून वर आला. "गाडी चांगलीच होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्याच तिचं नाक बुजवलो. डांबरानं."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सगळी पाळ हसली. "मनसाराम, आता बैलाचंही बुजव," कोणी म्हणालं. "बायकोचं नोको बुजवू, जेवन कोन देईन?" तो मान खाली घालून जाळं पिळत राहिला.

लहानूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "पाहू पुढच्या खेपेले."

पाहू म्हणजे हो नव्हे. ब्रह्मपुरीची गाडी माल घेऊन पाळीवरून उतरली, तरी अयूबभाऊंचा हात चावीकडे गेला नाही.

सईदाबाईंनी मासोळीची पिशवी माझ्या हातात दिली. "चला ताई, बसनं जाऊ. हे आता 'हो' ऐकल्याशिवाय इथून हलत नाहीत."