करंगळीची जागा

माझे दाजी लोखंडाच्या एका गोदामात क्रेन चालवतात. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. ही गोदामाच्या छताखाली रुळांवर पुढेमागे सरकते, आणि तिच्या पोटाशी काचेचं एक खोकं असतं, त्यात दाजी बसतात. खाली पत्र्याचं हत्तीएवढं भेंडोळं अलगद उचलून ते ट्रकमध्ये ठेवतात आणि ट्रकला धक्काही जाणवत नाही. घरी मात्र हाच माणूस चहाचा कप बशीत ठेवताना निम्मा चहा सांडतो. मग ताई रोजचंच बोलते आणि दाजी रोजच्यासारखं ऐकून घेतात.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ती पडदे शिवते आणि गाते. दाजी गिटार वाजवतात, मी ड्रम. असा आमचा घरातल्या घरात तिघांचा बँड आहे आणि तो सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजतो. लोक जेवतात, आम्ही वाजवतो. वाजलेली टाळी आपल्यासाठी की वेटरसाठी, हे ओळखायला आम्हाला बराच काळ लागला. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, पण ते असो. गोष्ट दाजींची आहे.

काही वर्षांपूर्वी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ती बरी झाली, गाऊही लागली, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. सूर पक्का, फक्त आवाज लहान झाला. ओळीच्या शेवटी तर तो इतका खाली उतरायचा की पहिल्या टेबलावरच्या माणसालाही कान द्यावा लागावा. माइक वाढवायची सोय नव्हती. हॉल छोटा, जरा वाढवला की स्पीकर शिट्टी घालतो. हे ताईला कितीतरी वर्षं कळलं नाही. कारण दाजींची करंगळी.

दाजींच्या जुन्या गिटारला व्हॉल्यूमचं बटण अगदी तारांच्या बुडाशी होतं. बाकीची बोटं तारा छेडत असायची आणि करंगळी बटणावर विसावलेली असायची. ताईची ओळ उतरायला लागली की करंगळी बटण जरासं फिरवायची, गिटार तिच्या आवाजाच्या खाली जायची. ओळ संपली की पुन्हा वर. ताई पुढे उभी, तोंड लोकांकडे, तिला काय दिसणार? मी मागे बसतो, म्हणून मला सगळं दिसायचं. मी एकदा दाजींना म्हटलं, "तुम्ही तर तिच्या आवाजाला जिना लावून दिलाय." ते म्हणाले, "तू ताल सांभाळ." विषय संपला. दाजींचे विषय असेच संपतात.

मग एका कार्यक्रमाला जाताना गतिरोधकावर गाडी उडाली आणि स्पीकरचा खोका गिटारवर पडला. गिटारची मान मोडली. दुरुस्तीवाल्याने ती हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली आणि तशीच परत दिली. ही बातमी ठमीला, म्हणजे माझ्या भाचीला, लागली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, आणि बापावर तिचा जीव असा की विचारू नका. तिने थेट नवी गिटार पाठवून दिली. काळीभोर, चकचकीत, वजनाला शिलाई मशीनसारखी. मला तर बघताक्षणी हेवा वाटला. व्हिडिओ कॉलवर ठमीने विचारलं, "बाबा, आवडली?" दाजी म्हणाले, "झकास आहे गं." आणि मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. करंगळी तारांच्या बुडाशी बटण शोधत होती. तिथे नुसतं गुळगुळीत लाकूड होतं.

या नव्या गिटारला बटणं चार. सगळी खाली, पार कोपऱ्यात. तारांखाली आवाज पकडणारे दोन पिकअप असतात, त्या प्रत्येकाला आवाजाचं एक आणि आवाजाच्या पोताचं एक, अशी वाटणी. कोणता पिकअप चालू ठेवायचा ते ठरवणारा स्विच मात्र वर, थेट खांद्याशी. कुठल्या शहाण्याने हे ठरवलं देव जाणे. वाजवता वाजवता करंगळी तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. हात तारांवरून उचलायचा, खाली न्यायचा, चारांतलं नेमकं बटण धरायचं, फिरवायचं, परत यायचं. तोवर ताईची ओळ संपून पुढची सुरू.

पहिल्याच कार्यक्रमात ताई गिटारखाली बुडाली. दुसऱ्यात दाजींनी हलक्या हाताने वाजवून पाहिलं, तर ताल लुळा पडला. तिसऱ्यात त्यांनी सगळाच आवाज कमी ठेवला, तेव्हा दोन ओळींच्या मधे हॉलमध्ये फक्त चमचे ऐकू येऊ लागले आणि हॉटेलचा मॅनेजर कोपऱ्यात येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला. शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंही, "बाई, जरा मोठ्याने!" ताईने ते ऐकलं. आम्ही तिघांनीही ऐकलं.

घरी आल्यावर ताईने चपला काढता काढता सांगून टाकलं, "माझा गळा संपला. या महिनाअखेरीनंतर मी गाणार नाही. तुम्ही दुसरी कुणी मुलगी बघा."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, हेच मला फार लागलं. भाजी संपली म्हणून सांगावं तसं ती बोलली. माझी बहीण लहानपणापासून चालताबोलता गाणारी. आईने तिला गप्प बसवायला कितीदा धपाटे घातले असतील, पण ती कधी गप्प बसली नाही. आणि आता एका बटणापायी गप्प बसणार होती.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना गोदामाच्या फाटकाशी गाठलं. "सांगून टाका ना तिला. गळ्याचं काही नाही, गिटारचं आहे म्हणावं."

"आणि मग?" दाजी म्हणाले. "ती विचारेल, आधी कसं जमत होतं? मग सांगू, की तुझा आवाज ऑपरेशनपासूनच लहान झालाय आणि मी झाकत आलोय?"

"मग गिटार बदला."

"ठमीला काय सांगू?"

दाजी डबा काखेत मारून म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत वेळ आहे अजून. हात बसवतो."

हात बसवायची त्यांची रीत गोदामातली. तिथे नवी क्रेन आली किंवा जुनीच्या दांड्यांची जागा बदलली की चालवणाऱ्याला लगेच माल उचलू देत नाहीत. आधी रिकामा हुक फिरवायचा. भार नाही, घाई नाही, नुसता हुक इकडून तिकडे. दाजींनी घरी तेच सुरू केलं. कामावरून आले की खिडकीशी गिटार मांडीवर घेऊन बसायचे. केबल लावलेली नाही, तारांना हात नाही. उजवा हात तारांपासून बटणापर्यंत न्यायचा, फिरवायचा, परत आणायचा. पुन्हा तेच.

ताई मशीनवर पडदे शिवत असायची. तिला वाटलं, नवऱ्याला नव्या वस्तूचं वेड लागलं. "अहो, वाजवा तरी, नाहीतर ठेवा तरी. किती कुरवाळाल? मला कधी इतकं कुरवाळलं नाहीत."

दाजी हसायचे आणि हात फिरवत राहायचे. मला त्यांनी दाखवलं, "हे बघ, हात आधी जुन्याच जागी जातो. त्याला अडवलं की तो गोंधळतो. जाऊ द्यायचा, आणि मग खाली न्यायचा." खरंच, करंगळी दर वेळी आधी त्या कोऱ्या लाकडावर टेकायची आणि मग बटणाकडे निघायची. उशीर व्हायचा तो तिथेच.

महिनाअखेरचा कार्यक्रम आला. ताईने कपाटातली चांगली साडी काढली. शेवटचं गाणार म्हणून, हे न विचारताही कळत होतं. दाजींनी यावेळी एक युक्ती केली होती. एका पिकअपचा आवाज मोठा, दुसऱ्याचा लहान, असं आधीच लावून ठेवलं. ताई गात असताना लहान, थांबली की स्विच टाकून मोठा. कागदावर उत्तम. अर्धा कार्यक्रम असाच निभावला आणि माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग ताईचं आवडतं गाणं आलं. संथ गाणं, खालच्या सुरातलं. दाजींनी गडबडीत स्विच ढकलला आणि तो पलीकडे न जाता मधेच अडकला. मधे अडकला की दोन्ही पिकअप एकदम बोलतात. गिटार खणाणून उठली, ताईचा सूर तिच्यात दिसेनासा झाला. दाजींचा हात खाली धावला. करंगळी आधी कोऱ्या लाकडावर, मग बटणावर. त्यांनी मोठ्या आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं, लहान आवाज तरी उरेल या हिशेबाने. पण त्या गिटारची गोम अशी की स्विच मधे असताना एक बटण पूर्ण बंद केलं की दुसरा पिकअपही गप्प होतो. दाजींना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

गिटार मेली. एकदम.

मी ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश फिरवत होतो, तेवढी सळसळ. आणि त्या सळसळीवर ताईचा आवाज. ती थांबली नाही, तिची ती सवयच नाही. तिने ओळ पूर्ण केली, अगदी खाली जाऊन, आणि ती ओळ शेवटच्या रांगेपर्यंत गेली. चमचे थांबले. खरंच थांबले. एक म्हातारे गृहस्थ घास हातात घेऊन तसेच बसून राहिले. दाजी बटणांशी झटत होते, घामाघूम. ताईने पुढची ओळ घेतली, तीही पोचली. मग गिटार आली, गाणं संपलं, टाळ्या झाल्या. वेटर कुणीही बोलावला नव्हता.

हॉटेलच्या मागच्या बोळात सामान भरताना ताईने विचारलं, "गिटार बंद पडली तेव्हा मी ऐकू आले. म्हणजे माझा गळा नाही, गिटार मोठी आहे. मग आधी कशी ऐकू येत होते?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याची दोरी बांधू लागलो. शेवटी त्यांनीच सांगितलं, चारदोन वाक्यांत. ऑपरेशन, करंगळी, सगळं.

"इतकी वर्षं?" ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तुला ठाऊक होतं?"

"होतं."

ती गाडीत जाऊन बसली. माझ्या बहिणीचा राग मला माहीत आहे. भांडी आपटली की समजावं, निवळतोय. त्या दिवशी भांडी वाजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना मी भीतभीतच त्यांच्याकडे गेलो. ताईने माळ्यावरून मोडकी गिटार काढली होती आणि मांडीवर घेऊन बसली होती. व्हॉल्यूमच्या बटणावरचे आकडे एका बाजूने पार पुसून गेले होते. बाकीच्या बटणांवरचे अजून वाचता येत होते. तिने स्वतःची करंगळी तिथे ठेवली, बटण फिरवलं, आणि कितीतरी वेळ तशीच फिरवत राहिली. डोळे भरले होते, पण ते मला दिसू नये म्हणून तिने मलाच झापलं, "बघत काय बसलास? चहा ठेव."

मग दाजींना म्हणाली, "मला सांगायला हवं होतंत. मी काय काचेची आहे?"

"चुकलं," दाजी म्हणाले.

"चुकलंच. घ्या ती काळी म्हैस. केबल लावू नका. मी गाणं म्हणते, तुम्ही नुसता हात फिरवा."

त्या दिवसापासून रिकामा हुक दोघं मिळून फिरवू लागले. पुढच्या कार्यक्रमाला ताईने माइकचा स्टँड तिरका लावला. तोंड अर्धं लोकांकडे, अर्धं दाजींच्या हाताकडे. थांबण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ओळ घेण्याआधी ती बघायची. करंगळी कोऱ्या लाकडावर टेकायची, मग खाली निघायची, बटण सापडायचं, फिरायचं, आणि तेव्हाच ताई श्वास घेऊन ओळ सुरू करायची. तालात तेवढी जागा मला करून द्यावी लागायची. मॅनेजर म्हणाला, "बाईंची ही थांबून गायची लकब फार छान हो." मी म्हटलं, "हो ना, फार रियाज आहे त्यामागे."

आता दाजींचा हात चांगला बसलाय. करंगळी जुनी जागा विसरली, सरळ बटणावर जाते, ताईच्याही आधी. तरी ताई प्रत्येक ओळीआधी त्यांच्या हाताकडे बघते आणि थांबते.

मी एकदा म्हटलं, "ताई, आता गरज नाही गं. हात बसलाय त्यांचा."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू ताल सांभाळ."