वाड्यातलं पाऊल

साल दोन हजार चोवीस. मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि ज्या वाड्यात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती, त्याच वाड्याच्या दारात चपला हातात घेऊन उभा होतो.

शाळा मी तिसरीत सोडली, म्हणून लिहितोय ते बोलल्यासारखंच. वाडा आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलाच, जुन्या राजाचा. कोणता ते सांगत नाही. सांगितलं तर लोक पाऊल शोधायला धावतील.

आधी पावलाचं सांगतो. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या वाड्याची डागडुजी चालली होती. सिमेंट नाही, जुन्यासारखा चुनाच. गोल चरात चुना नि वाळू टाकायची आणि बैलानं त्यावरून दगडी चाक ओढायचं, पार लोणी होईपर्यंत. तो बैल माझा. पांढरा, तापट, पुढच्या उजव्या खुराची आतली फाक अर्धी तुटलेली. आतल्या चौकात बायांनी लाकडी थापीनं ठोकून ठोकून चुन्याची जमीन आरशासारखी केली, आणि त्याच संध्याकाळी माझा हा पांढरा गडी दावं तोडून थेट तिच्यावर! चार पावलं उमटली. मिस्त्री म्हणाला, बुजव. तीन बुजवली. चौथं, त्या अर्ध्या फाकेचं, बुजवायला हात होईना. जमिनीवर भिजलेली पोती अंथरत होते, त्यातलंच एक त्याच्यावर ओढलं. पोतं निघालं तेव्हा जमीन दगड झाली होती. मिस्त्रीनं मला बैलासकट मागच्या दारानं हाकललं, आणि तिथंच मी ती शपथ घेतली. तेव्हापासून मी मागच्या दारानं कुठंच जात नाही. स्वतःच्या घरातही नाही.

लग्न झाल्यावर हे बायकोला सांगितलं, तर ती हसली. पुढं तिचं ते हत्यारच झालं. मी म्हणावं, औंदा पाऊस लवकर येईल. ती म्हणणार, "हाव, तुमचा बैल सांगून गेला असंन, राजवाड्यातून!" पन्नास वर्षं ऐकलं. चल दाखवतो म्हणावं, तर शपथ आडवी. खरं सांगू? शपथ नुसती सांगायला होती. ते पाऊल आता नसलं तर, ही भीती होती.

शेवटी श्रावणात सुनेनंच आम्हा तिघांसाठी गाडी ठरवली. "मामाजी, एकदाचा निकाल लावू. तुमची शपथ माह्या डोक्यावर."

वाडा असा जपलाय की जीव हरखला. मी भिंतीवरून हात फिरवत चाललो. 'हात लावू नये' अशी पाटी होती, पण ती परक्यांसाठी. पहारेकरी मागून ओरडला, "ओ बावाजी, हात!" मी म्हटलं, "माह्या बैलानं मळेल चुना हाये हा. ओळख दाखवून राह्यलो." सून तोंडाला पदर लावून हसत होती.

चौकात आलो. जागा लगेच ओळखली, कोपऱ्यातल्या तुळशीजवळची. पण तिथं हळदीकुंकवाचा ढीग! पहारेकरी म्हणाला, "हे राजाच्या कपिला गाईचं पाऊल. चातुर्मासात बाया लांबून येतात." आमच्याकडे बाया चातुर्मासात रोज रांगोळीनं गाईची तेहतीस पावलं काढतात, गोपद्मं म्हणतात त्यांना. माझी बायको तर एक दिवस चुकवत नाही. मी तोंड उघडेपर्यंत ती गुडघे टेकून पाया पडलीसुद्धा.

"गाय नाही, बैल हाये," मी म्हटलं. "माहा बैल."

पहारेकरी म्हणाला, "बावाजी, इथं येणाऱ्या सगळ्यायचंच काही ना काही असते. काल एक जण तोफ आपल्या आज्याची सांगत होता."

मी मिशीला हात घातला. "ते कुंकू पूस. आतली फाक अर्धी नसली, त ह्या मिशा इथंच उतरवून देतो."

"अवो, मिशीवर नका जाऊ!" बायको ओरडली. साठीपासून माझ्या अंगावर देखणं म्हणून तेवढंच उरलंय, हे तिलाही माहीत. मग तिनंच बाटलीतलं पाणी ओतलं आणि पदरानं पुसायला लागली. वर्षांचं कुंकू, निघता निघेना. मी वर आभाळाकडं बघत राहिलो. खाली बघायची छाती नव्हती.

"अगंबाई," ती म्हणाली. "अर्धीच हाये."

मग कपाळाला हात लावून, "आन मी बैलाच्या पाया पडली!"

सून तर हसून हसून खालीच बसली. मागं दोन बाया फुलं घेऊन खोळंबल्या होत्या. पहारेकरी डोकं खाजवत म्हणाला, "आता लोकायले काय सांगू जी?"

"बैल सांग. हा वाडा त्याच्याच चुन्यावर उभा हाये."

त्या दोघींतली एक म्हणाली, "पोळ्याले बैलाच्या पाया पडतोच की आपुन. सरका." आणि फूल ठेवून मोकळी.

परतताना दुसरबीड गाव मागं पडल्यावर बायको हळूच म्हणाली, "कसा होता वो तो?" पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं. घर येईपर्यंत मीच बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात निघालो, तर उंबऱ्याशी तिची रांगोळी ओलांडता येईना एवढी पसरलेली. तेहतीस पावलं, आणि प्रत्येकाची आतली फाक अर्धी. मी चपला उचलल्या आणि गुपचूप मागच्या दारानं शेतात गेलो.