ग्लास आला की वाटी

परमिट रूमच्या किचनमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. किचन आणि हॉलच्या मधे एक खिडकी असते. तिच्यातून प्लेट बाहेर जाते आणि किस्सा आत येतो. घरी सांगावा तर बायको म्हणते, "पिणाऱ्यांच्या गोष्टी लेकरांम्होरं नगं." म्हणून साठत गेले. आज तुम्ही बसलाच आहात तर ऐका. एक आधीच कबूल करतो, यातल्या बऱ्याच किश्श्यांत माझा नुसता जळफळाट आहे. तुमच्यापासून काय लपवायचं!

आमची परमिट रूम परळीच्या जरा अलीकडे, रोडला लागून. तिथं माझी ओळख म्हणजे एक वाटी. उकडलेले हरभरे, लसणाची खरपूस फोडणी आणि वरून येसर. डाळी, धान्यं, मसाले भाजून दळलेली ही पूड आमच्या घरचीच असते. वाटी विकत मिळत नाही, पार्सल मिळत नाही. मालकांचा नियम एकच, "ग्लास आला की वाटी. ग्लास न्हाई, वाटी न्हाई!"

या वाटीबद्दल मला एकाच माणसाची शाबासकी हवी होती. परळीच्या थर्मल वीज केंद्रातून रिटायर झालेले अण्णा. रोज दुपारी चारला यायचे, कोपऱ्यातलं टेबल, रम आणि पाणी. वाटी रिकामी झाली की मी खिडकीतून विचारायचो, "अण्णा, कसं झालंय?"

"चालतंय."

बावीस वर्षं हेच! दुसरा शब्द नाही.

* * *

माझा मेहुणा उमापूरचा, गळ्यात माळ घातलेला. एकदा परळीला कामाला आलता, तेव्हा मला भेटायला डोकावला. "दाजी, ते हरभरे तरी खाऊ घाला की, लई ऐकलंय."

मी वाटी भरली. तेवढ्यात काउंटरवरून मालक ओरडले, "पावणं ग्लास कशाचा घेणार?"

मेहुण्यानं गळ्यातली माळ दाखवली.

मालकांनी तिथूनच हात जोडले. "माळंला नमस्कार हाय. वाटी ठिवा आत!"

घरी मला आठ दिवस कोरडी भाकरी मिळाली.

* * *

मग आला विलास. चकलांब्याचा पोरगा, गोव्यात सहा वर्षं बारवर राहून 'विली' होऊन परतला. काळा एप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मालकांनी त्याला काउंटर दिलं. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्या स्टाफला रांगेत उभं केलं.

"ह्याला पेअरिंग म्हणत्यात. कोणत्या ड्रिंकसंगं काय खायाचं, त्याचं शास्त्र हाय. बिअरवर खारं, रमवर तिखट, जिनवर आंबट."

मालक आ वासून ऐकत होते. मला राहवलं नाही. "विल्या, बिअरवर खारे दाणे आन् रमवर सुकं मटण मी बावीस वर्सं देतोय की!"

"देत होता मामा," तो गोड हसून म्हणाला, "पर कावून देता ते तुमाला म्हाईत नव्हतं!"

सगळा स्टाफ हसला. मालकसुद्धा हसले. मालक हसले ते मला जास्त लागलं.

* * *

विलीनं पेरूचा रस आणि व्होडका मिसळून एक कॉकटेल काढलं, आणि ग्लासाच्या काठाला लावायला माझ्याकडून ठेचा नेला. लोक नुसते वेडे झाले. ठेचा माझा, टाळ्या त्याच्या! माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी ठेच्यात नेहमीच्या तिप्पट लवंगी मिरच्या कुटल्या. बस म्हटलं आता शास्त्र शिकवत!

दुपारी थर्मलची राख वाहणाऱ्या ट्रकांचे चार मालक आले. पहिल्या घोटालाच चौघांचे डोळे लाल, नाकातून पाणी. मी खिडकीत हाताची घडी घालून उभा. देवाशपथ सांगतो, महिन्याभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. एकानं रुमालानं नाक पुसलं आणि विलीवर गुरकावला, "काय बे, काय पाजलंस हे?"

आता बसणार याच्या कानाखाली!

"आजून चार आण!"

तेव्हापासून बाहेरच्या फळ्यावर 'विली स्पेशल' लिहिलेलं आहे. आणि मला रोज तेवढ्याच मिरच्या कुटाव्या लागतात.

* * *

श्रावणात खताच्या दुकानाचे काका आले. म्हणाले, "आज उपास हाय. खायाचं न्हाई, नुसतं बसायचं." मी म्हटलं, हीच संधी! बटाट्याचे पातळ काप शेंगदाणा तेलात तळले, वर सैंधव मीठ आणि जिरं. असे कुरकुरीत, की खिडकीपर्यंत आवाज यावा.

काकांनी समोर ठेवलेल्या व्हिस्कीकडे बघून विचार केला. "ही धान्याची असती ना रे? उपासाला धान्य कसं चालंल?"

 हॉलमधले सगळे पिणारे खरोखर अडचणीत पडले.

विली काउंटरमागून म्हणाला, "काका, व्होडका बटाट्याची बी असती!"

काकांनी उठून त्याला मिठी मारली. हॉलमध्ये शिट्ट्या! बटाटा मी तळला, आणि नाव झालं त्याच्या बटाट्याचं. माझे काप थंड होऊन मऊ पडले.

* * *

हे सगळं मी गिळलं असतं. पण एक दिवस विलीनं अण्णांच्या रममध्ये पाण्याऐवजी गुळाचा पाक, आल्याचा रस आणि लिंबू घातलं. अण्णांनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "वा!"

मी खिडकीतून ऐकलं. बावीस वर्षं मला 'चालतंय', आणि ह्याला पहिल्या घोटाला 'वा'! त्या दिवशी पातेल्यातले हरभरे करपले. मी करपू दिले.

* * *

नंतर दोन महिने अण्णा आलेच नाहीत. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी दारू कायमची बंद केली, असं कळलं. मी अन् विली, दोघंही चार वाजले की कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघायचो. बोलत मात्र नव्हतो.

एका मंगळवारी बरोबर चारला अण्णा दारात! जरा वाळले होते. बसले आणि म्हणाले, "विली, ती गुळाची आण."

"अण्णा, डॉक्टर..."

"आण म्हणतो ना."

ग्लास गेला, पाठोपाठ वाटी गेली. वाटी रिकामी परत आली. दुसरा ग्लास, दुसरी वाटी. तिसरा ग्लास, तिसरी वाटी. मी आत कपाळाला हात लावून बसलो. हा माणूस आज मरायलाच आलाय!

तेवढ्यात विली खिडकीशी आला. तोंड पार उतरलेलं. "मामा, जरा भाईर या. अण्णांकडं बघा."

मी हात पुसत गेलो. टेबलावर तीन ग्लास ओळीनं, काठोकाठ भरलेले. बर्फ वितळून गेलेला. एकालाही ओठ लागला नव्हता.

विलीनं ग्लासांकडे बोट दाखवलं. "अण्णा, माझं काय चुकलं का? एक घोट बी न्हाई घेतला तुमी."

अण्णा बोटाला लागलेला येसर चाटत होते. तो त्यांनी सावकाश चाटून संपवला.

"तुझं काय चुकलं न्हाई, लेकरा. हितं ग्लासाबिगर वाटी देत न्हाईत. आता डॉक्टर पिऊ देत न्हाई, म्हणून ग्लास ठिवून देतो," अण्णा म्हणाले. "आधी प्यावा लागायचा. आण बरं आजून एक!"