पक्का पाय

आमची बाई माणसाचं तोंड नंतर पाहायची, आधी पाय. चिखलीच्या स्टँडवर बसलो की तिचं सुरू. "त्याची टाच पाहा कशी आत पडून राह्यली. गुडघा जाणार त्याचा." मी म्हणायचो, "अवं, ऐकतील ना लोक!" तर म्हणे, "ऐकू द्या. तोंड खोटं बोलते, चाल नाही बोलत."

ती माझी बायको. पोरींना भरतनाट्यम शिकवायची. पोरी तिला ताई म्हणत, मी बाई, आणि गाव नाचवाली. शाळेचं गॅदरिंग आलं की हेच गाव आपापल्या पोरी घेऊन आमच्या दारात उभं. मी सातवी नापास, कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारा. मला नाचातलं ओ का ठो कळत नव्हतं.

नवी पोरगी आली की आधी नाच नाहीच. ओल्या पायानं फरशीवर चालवायची. ठशाच्या मधात कोरडी जागा राहिली तर ठीक, सगळा तळवा उमटला तर म्हणे, "हे तं पोळपाट आहे." मग खाली फडकं टाकून पायाच्या बोटांनी उचलायला लावायची. एका आईनं विचारलं, "ताई, नाच कवा शिकवता?" बाई म्हणाली, "आधी उभी तं राहू द्या तिले."

तिला साखरेचा आजार. डॉक्टरनं घरातही चप्पल घालायला सांगितली होती, पण नाचाच्या फरशीवर चप्पल तिला पाप वाटे. पुढं पुढं खडा टोचलेला कळेना, चटका कळेना. तिला त्याचा गर्वच. "आदळून आदळून पक्का झाला पाय माझा." एक दिवस क्लासमध्ये पोरगी ओरडली, "ताई, रक्त!" टाचेत काच घुसलेली, आणि ही त्याच्यावरच नाचत होती. वाकून पाहिलं नि हसली. साऱ्या गावाचे पाय पारखणारीला आपला पाय मेला हे समजलं नाही.

जखम चिघळली, पाय काळा पडला. बुलढाण्याचा डॉक्टर म्हणाला, पाय काढला तर बाई वाचेल. मी तिच्यापुढं हात जोडले.

"पाय काढून घरी काय नेता? बोचकं?"

"हाव, बोचकं नेतो. पाठीवर नेतो. जन्मभर गाठीच उचलल्या ना मी?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. सही दिली नाही ती नाहीच.

मातीला सारं गाव आलं. शेजारचा एक जण जवळ येऊन म्हणाला, "काकाजी, नशीबवान होती. दोन्ही पायानिशी गेली."

मी म्हटलं, "निघ बे इथून."

पाय काय चाटायचे होते मला? मला बाई पाहिजे होती.