आत्यानं सोडवलेले गुलाम

माझी आत्या बालविधवा. बापाची मोठी बहीण. राहायची आमच्याच आवारात, पण चूल वेगळी. बाळापूरच्या अलीकडे आमचं शेत. तिथं ती गावच्या बायांसारखीच वेचणीला जायची, वेचलेल्या कापसातला आपला वाटा घरी आणायची, वर्षभर त्याचं सूत कातून कोष्ट्याला विकायची. मायनं कधी भाकर पुढे केली तर म्हणायची, "ठेव तुही भाकर. माह्या हाताले काय लकवा मारला?" फटकळ होती, पण कोणाच्या ताटाखालचं मांजर नव्हती. मी तिच्यावरच गेले म्हणतात. म्हणोत बापडे.

मग कापसाला तो भाव आला आणि सारं वऱ्हाड हुरळलं. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. अमरावतीचा एक दलाल आमच्या ओसरीवर बसून सांगायचा, की सात समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथं काळ्या माणसांना विकत घेऊन कापूस पिकवतात, आणि या गुलामांवरूनच आता लढाई जुंपली आहे. तिकडचा कापूस अडला, म्हणून विलायतेला तुमचा पाहिजे.

आत्यानं दाराआडून विचारलं, "लेकुरवाळ्या बाया बी इकतेत?"

"माय एकीकडे विकतात, लेकरं दुसरीकडे," दलाल म्हणाला.

कोंडवाड्यातलं ढोर काहीतरी भरून सोडवून आणतात ना, तसंच आत्याला वाटलं. आपला कापूस भरला की ती माणसं सुटणार. दुसऱ्या दिवशी गाडी भरताना तिनं वर्षाचा सगळा वाटा आणून ओतला. "माहा बी घाला. मले काही नको. त्या लेकराईले सोडवा." दलाल हसला. बापाला सगळं कळत होतं. त्यानं तो आपल्याच मालात धरला. कापूस गाडीत गेला.

कापूस असा महागला, म्हणून पुढच्या हंगामात बापानं वाटाच बंद केला. त्याऐवजी पैशांत रोजी घ्या म्हणाला. सगळ्याच शेतांत तसं झालं, आणि त्या रोजीत ओंजळभर कापूस मिळेना. आत्याचा चरखा थांबला. ती दुसऱ्यांचं दळण दळायला लागली, पण चूल सोडली नाही. कोणी टोमणा मारला तर म्हणायची, "सुटून राहिले असतीन ना तिकडे कोनी? मंग झालं."

आणि खरंच एक दिवस दलालानं बातमी आणली. लढाई संपली, गुलाम मोकळे झाले, भाव कोसळला. गावात सुतक पडल्यासारखं झालं, आणि आमची आत्या मात्र घरात होता नव्हता तो गूळ दारोदार वाटत फिरली. लोकांनी तिला वेडी म्हटलं. बाप तर तिच्या अंगावर धावून गेला. मला तेव्हा ती फार आवडली.

वाटा परत सुरू झाला. कापूस हवा तेवढा मिळू लागला, आत्या पुन्हा कातायला बसली. पण तोवर अकोल्यात आगगाडीनं विलायती सूत येऊन पडलं होतं. कोष्टी म्हणाला, "बाई, तुमचं सूत आता मी काय करू?" पुढे तो कोष्टीच माग मोडून रेल्वेची खडी फोडायला गेला. त्या पावसाळ्यात आत्याची चूल विझली आणि ती आमच्यात जेवायला लागली. माय काही वाईट नव्हती. जेवण वाढायची अन् काम सांगायची.

मग अकोल्याची मावसबहीण आजारी असल्याचा निरोप आला. एरवी आत्या "चालले रे" म्हणून निघायची, कोणाला विचारायची नाही. त्या दिवशी ती ओसरीच्या कडेला उभी राहिली. ज्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं, जन्मभर ज्याला अरेतुरे केलं, त्याला म्हणाली, "भाऊ, तुमी म्हनसान तं जाऊ काय?"

बापानं वर पाहिलं नाही. "उद्या पाहू," म्हणाला.

मी वाट पाहत होते, आता ही त्याला फाडून खाईल. आत्या "बरं" म्हणाली आणि आत जाऊन भाजी निवडायला बसली.